घरात टीव्ही एक, आजोबांना इतिहास आणि नातीला सायन्स फिक्शन: शनिवारी काय लावावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या इंदिरानगरमध्ये पाच माणसांचं घर. वडील सत्तरी ओलांडलेले, त्यांना इतिहासाचं वेड. आईला सबटायटल वाचायचा कंटाळा. मुलगी आठवीत, तिला अंतराळ आणि टाइम ट्रॅव्हल हवं. शनिवारी रात्री सगळे एकत्र बसता, पण काय लावायचं यातच पाऊण तास जातो आणि एकदा लावलं की अर्ध्या तासात कोणीतरी उठून आत जातं. म्हणून इतिहास आणि सायन्स फिक्शन या दोन्हींतलं घरी बघण्याजोगं काय आहे, ते तुम्ही विचारलंय.

नावं देतोच, पण नुसत्या नावांनी तुमचा शनिवार सुटणार नाही. तुमच्याकडे बहुधा पाळी लावली जाते: एक आठवडा आजोबांचा, एक नातीचा. पाळी लावली की दर आठवड्याला निम्मं घर भिडेखातर बसतं आणि भीड अर्धा तासच टिकते. फिल्म क्लबसाठी खेळ निवडताना वयांची अशीच सरमिसळ माझ्यासमोर असते. तिथं सगळ्यात जास्त टिकणारी पद्धत म्हणजे जोड्या लावणं. एक ऐतिहासिक चित्रपट आणि एक विज्ञानपट, दोघांचा विषय आतून एकच. पहिला या शनिवारी, दुसरा पुढच्या. पहिला बघताना जो प्रश्न पडतो तोच दुसऱ्यात वेगळ्या कपड्यांत समोर येतो, म्हणून ज्याची आवड नाही तोही बसून राहतो.

हे जमतं, कारण दोन्ही प्रकारांचं काम मुळात सारखं आहे. आज नसलेलं जग उभं करायचं आणि त्यात माणसं वागवायची. ते फसतंही एकाच जागी. वाईट ऐतिहासिक चित्रपटात पात्रांना पुढचा इतिहास आधीच माहीत असतो. शत्रूशी बोलताना नायक आजच्या सभेत शोभेल असं भाषण ठोकतो, कारण दिग्दर्शकाला ते आजच्या प्रेक्षकाला ऐकवायचं असतं. वाईट विज्ञानपटात दोन शास्त्रज्ञ एकमेकांना अशी गोष्ट समजावून सांगतात जी दोघांनाही पहिल्या वर्षाला शिकवलेली असते. पारखायचं असेल तर एकच बघा: पडद्यावरच्या माणसाला त्या क्षणी जेवढं माहीत असायला हवं, तेवढ्यावरच तो वागतोय का? ही कसोटी आजोबा आणि नात दोघांच्याही हातात देता येते. पहिल्या वीस मिनिटांत ती लागू होते आणि कपडेपट, सेट, ग्राफिक्स यांच्या झगमगाटाला फसत नाही.

आता जोड्या. सुरुवात नाशिककरानं दादासाहेब फाळक्यांपासून करावी असं मला मनापासून वाटतं. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्म, १९४४ साली नाशिकमध्येच निधन, आणि पांडवलेण्यांच्या पायथ्याचं स्मारक तुम्ही जाता-येता बघत असालच. परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) दीड तासाच्या आसपासचा, मराठी, कोणत्याही वयाला चालणारा आणि खरोखर आनंदी चित्रपट आहे. नंदू माधव फाळके, विभावरी देशपांडे सरस्वतीबाई. ३ मे १९१३ रोजी गिरगावात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर येईपर्यंतचा हा प्रवास आहे. यातलं एक दृश्य मुलीला मुद्दाम दाखवा. रोप उगवताना थोड्या थोड्या वेळानं एकेक फ्रेम टिपून फाळके काही मिनिटांत वेल वाढवून दाखवतात. हे खरंच घडलेलं आहे, आणि आज तिच्या मोबाइलमध्ये जे ‘टाइम लॅप्स’ आहे त्याचंच हे जुनं रूप.

याची जोडी म्हणजे जॉर्ज मेलिएसची १९०२ ची मूक चंद्रसफर, ‘अ ट्रिप टू द मून’, साधारण पंधरा मिनिटांची. विज्ञानपटांचा उगम म्हणून तिचं नाव घेतात. तिच्या पाठोपाठ फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ (१९१९) लावा. तो नाशिकला आल्यानंतरच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीचा, आणि त्यात त्यांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे. दोन्ही इंटरनेटवर मिळतात. चंद्रावर रॉकेट आदळवणारा फ्रेंच जादूगार आणि डोहात कालियाशी झुंज दाखवणारा नाशिकचा चित्रकार-छायाचित्रकार एकाच युक्तीवर उभे आहेत: कॅमेरा थांबवा, समोरचं बदला, पुन्हा चालू करा. मूकपटांत एक अडचण येते. ते हातानं फिरवलेल्या कॅमेऱ्यावर, बहुतेकदा सेकंदाला १६ ते १८ फ्रेमच्या आसपास टिपलेले असतात. तेच २४ च्या वेगानं चालवले की माणसं तुरुतुरु पळतात आणि मुलांना ते बाष्कळ वाटतं. व्हिडिओच्या सेटिंगमध्ये वेग ०.७५ करा, चाल माणसासारखी होते. संगीत बेसूर झालं तर आवाज बंद करून स्वतःचं काही लावा. मूळ चित्रफितीला आवाज नव्हताच.

दुसरी जोडी तुमच्या घरासाठी सगळ्यात भरवशाची. ‘अपोलो १३’ (१९९५, १४० मिनिटं) आणि ‘द मार्शियन’ (२०१५, १४१ मिनिटं). पहिला चंद्रमोहिमेवरचा, एप्रिल १९७० मध्ये खरंच घडलेला. दुसरा मंगळावरचा, कल्पित. दोन्हींत प्रश्न एकच: माणूस लांब अडकलाय, हाताशी एवढंच सामान आहे, हिशेब करा. अपोलोमध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषणारे चौकोनी डबे गोल भोकात बसवायची जी धडपड आहे, ती खरी आहे. वजनरहित दृश्यं नासाच्या केसी-१३५ विमानात, दर गोत्याला जेमतेम वीस-पंचवीस सेकंद मिळत असताना चित्रित केली. त्यामुळे तरंगणं खरं दिसतं. यानातली भांडणं मात्र चित्रपटानं घातलेली आहेत, आणि जमिनीवरच्या अनेक अभियंत्यांचं काम दोन-तीन पात्रांवर आलं आहे. हे आजोबांना आधी सांगू नका, नंतर सांगा. ‘मार्शियन’मध्ये तुमच्या मुलीला चूक शोधायला लावा. मंगळावरच्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी. तिथलं वादळ माणसाला उडवून नेणार नाही, वेगवान वाऱ्याचाही धक्का अगदी हलका लागेल. म्हणजे ज्या प्रसंगामुळे गोष्ट सुरू होते तोच अशक्य आहे. तरी चित्रपट टिकतो, कारण ती एक सूट घेतल्यावर पुढे बटाट्यांपासून पाण्यापर्यंत तो आपल्या नियमांशी बऱ्यापैकी प्रामाणिक राहतो. विज्ञानपटाला एवढी सूट द्यावी असं माझं मत आहे. दुसरी सूट मागितली की मात्र शंका घ्यावी.

या दोन्हींना मध्यंतर हवं, आणि ते घड्याळ बघून नव्हे तर प्रसंग बघून घ्या. ‘अपोलो’ स्फोटानंतर तिघं चांद्रयानात सरकतात तिथं थांबवा. ‘मार्शियन’ नायकाचा पृथ्वीशी संपर्क होतो तिथं. ताण शिगेला असताना थांबवलं तर लोक परत येतातच, पण सगळं निवळलेलं असताना थांबवलं तर कोणीतरी झोपायला जातं.

तिसरी जोडी जरा गंभीर. नाशिकला १९०९ चं कलेक्टर जॅक्सनच्या खुनाचं प्रकरण, विजयानंद थिएटर आणि अनंत कान्हेरे हे सगळं घरोघरी ठाऊक आहे. त्याच्या बारा वर्षं आधीची पुण्याची गोष्ट म्हणजे ‘२२ जून १८९७’. नचिकेत आणि जयू पटवर्धनांचा हा मराठी चित्रपट १९७९ चा. प्लेगची साथ, घरांत शिरून होणाऱ्या तपासण्या, प्लेग अधिकारी रँड, त्याला मारणारे चापेकर बंधू. मी सांगितलेली कसोटी या चित्रपटाइतकी स्वच्छ मराठीत क्वचितच कुठं उतरते. यातल्या माणसांना आपण पाठ्यपुस्तकात जाणार आहोत हे माहीत नाही. ती त्यांच्या काळाच्या श्रद्धा, राग आणि मर्यादा घेऊनच वावरतात, आणि आजच्या प्रेक्षकाला अवघडल्यासारखं झालं तरी चित्रपट त्या झाकत नाही. गती संथ आहे. मुलीला आधी पाच मिनिटं प्लेगबद्दल सांगा, नाहीतर ती पहिल्या पंधरा मिनिटांतच हरवेल. पुढच्या शनिवारी ‘कन्टेजन’ (२०११, १०६ मिनिटं). तो प्रदर्शित झाला तेव्हा नजीकच्या भविष्याची कल्पना होता, आता तुमच्या मुलीला तो आठवणीसारखा वाटेल. साथ कशी पसरते, एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण करतो, लस यायला वेळ का लागतो, हे त्यात नीट आहे. दोन्ही चित्रपटांत साथ आली की सरकार आणि माणूस यांच्यात काय होतं, हाच विषय. ‘कन्टेजन’च्या सुरुवातीलाच झटके येण्याचं आणि शवविच्छेदनाचं दृश्य आहे, आईंना आधी कल्पना द्या. आणि कोविडमध्ये घरातलं कोणी गेलं असेल तर ही जोडी सरळ वगळा.

अणूची जोडी मुलगी अजून दोन-तीन वर्षांनी मोठी झाल्यावर. ‘चेर्नोबिल’ (२०१९) ही सोव्हिएत अणुभट्टीच्या स्फोटावरची मालिका पाच भागांची, आणि माझ्या मते घरच्या टीव्हीसाठी बनलेल्या ऐतिहासिक मालिकांत फार वरची. तिसऱ्या भागात खाणकामगारांची नग्नता आहे, चौथ्यात कुत्री मारण्याचा दीर्घ प्रसंग आहे. हा कुत्र्यांचा प्रसंग बऱ्याच मोठ्या माणसांनाही झेपत नाही. उलाना खोम्युक नावाची शास्त्रज्ञ खरी नाही. अनेक शास्त्रज्ञ मिळून ते पात्र केलंय, आणि शेवटी मालिका हे स्वतःच सांगते. शेवटच्या भागात शास्त्रज्ञ लेगासोव्ह खटल्यात साक्ष देतो, प्रत्यक्षात तो त्या खटल्याला नव्हता. तरीही अणुभट्टी का फुटली याचं लाल-निळ्या पाट्यांनी केलेलं स्पष्टीकरण दहावीच्या मुलाला समजेल इतकं सोपं आहे. याच्यासोबत १९५४ ची मूळ जपानी ‘गोजिरा’, ९६ मिनिटं, कृष्णधवल. नंतरच्या मारामारीच्या गॉडझिला चित्रपटांशी तिची गल्लत करू नका. त्याच वर्षी मार्चमध्ये प्रशांत महासागरातल्या अमेरिकी हायड्रोजन बॉम्ब चाचणीच्या राखेत जपानी मच्छीमार सापडले होते, आणि नोव्हेंबरमध्ये हा चित्रपट आला. इस्पितळातली दृश्यं बघताना राक्षसाचा विसर पडतो.

भारतीय विज्ञानाचा इतिहास हवा असेल तर ‘रॉकेट बॉइज’: होमी भाभा आणि विक्रम साराभाई, आठ-आठ भागांचे दोन सीझन, हिंदी-इंग्रजी मिश्र. पहिला सीझन निःशंक बघा. २१ नोव्हेंबर १९६३ चं केरळातल्या थुंब्याचं पहिलं रॉकेट-उड्डाण, चर्चमध्ये थाटलेली कार्यशाळा, हे आजोबा आणि नात दोघांचंही. पण भाभांचा प्रतिस्पर्धी रझा मेहदी हे कल्पित पात्र आहे, हे सुरू करण्याआधीच सांगून ठेवा. नाहीतर आजोबा त्याला पुस्तकात शोधत बसतील. दुसऱ्या सीझनमध्ये भाभांच्या १९६६ च्या विमान अपघातामागे कट होता असा जो सूर आहे, तो तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. याची जोडी ‘फॉर ऑल मॅनकाइंड’. तिथं १९६९ साली चंद्रावर पहिलं पाऊल रशियन माणूस ठेवतो आणि तिथून सगळा इतिहास वेगळा वळतो. ही मालिका निम्मी इतिहास आणि निम्मी विज्ञानकथा असल्यानं तुमच्या घरातला वादच मिटवते. मात्र तिच्यात मोठ्यांचे प्रसंग आहेत. आधी तुम्ही दोघं बघा आणि मग ठरवा.

आता आजोबांसाठी थोडं वेगळं. मराठी-हिंदी ऐतिहासिक चित्रपट बघताना एक साखळी लक्षात ठेवावी: कागदपत्रं, त्यावरून इतिहासकाराचं पुस्तक, त्यावरून कादंबरी, आणि कादंबरीवरून चित्रपट. ‘बाजीराव मस्तानी’ ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’वरून आला, ‘छावा’ शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरून, दूरदर्शनची ‘स्वामी’ रणजित देसाईंच्या कादंबरीवरून. म्हणजे आपण तिसरी-चौथी प्रत बघत असतो. कादंबरीकारानं भावना रंगवण्यासाठी घातलेला प्रसंग चित्रपटात भव्य गाणं होऊन येतो आणि पुढच्या पिढीला तोच इतिहास वाटतो. म्हणून हे चित्रपट बघू नयेत असं मी म्हणत नाही. युद्धाचं, दरबाराचं दृश्य मोठ्या पडद्याच्या ताकदीनं दाखवणं हेही एक काम आहे. पण घरात मूल असेल तर पडद्यावरची लढाई झाल्यावर नकाशा काढून किल्ला, घाट, नदी कुठं आहे ते बघा. भूगोल ताडून पाहिला की अर्धी अतिशयोक्ती आपोआप गळते.

याउलट ज्यांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवेन अशी काही नावं. श्याम बेनेगलांची ‘भारत एक खोज’ (१९८८), ५३ भाग. पहिल्या भागापासून ओळीनं बघायचा हट्ट धरू नका, बहुतेक घरं सिंधू संस्कृतीतच थकतात. शिवाजी महाराजांवरचे भाग आधी घ्या, महाराज नसीरुद्दीन शाह आहेत, आणि मग मागे-पुढे जा. त्यांचीच ‘संविधान’ (२०१४) दहा भागांची. घटना समितीतली चर्चा हाच तिचा विषय, आणि सचिन खेडेकरांचे आंबेडकर बघण्यासारखे आहेत. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी आपल्याच पंचवटीत सुरू झाला. त्या अंगानं जायचं तर जब्बार पटेलांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ (२०००) घ्या. जवळजवळ तीन तासांचा आहे, म्हणून दोन रात्रींत बघा. सत्यजित रायांचा ‘शतरंज के खिलाड़ी’ (१९७७) १८५६ च्या लखनौचा. राज्य हातचं जातंय आणि दोन सरदार बुद्धिबळ खेळताहेत. पुढच्याच वर्षी काय होणार हे त्यातल्या एकालाही ठाऊक नाही, आणि सगळी ताकद त्यातच आहे. समीर विद्वांसांचा ‘आनंदी गोपाळ’ (२०१९) मुलीसोबत जरूर बघा. आनंदीबाई १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि १८८७ मध्ये गेल्या. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) आईंसाठी. सबटायटलची गरजच नाही, आणि त्यातला वैकुंठगमनाचा प्रसंग मेलिएस-फाळके यांच्या युक्त्यांच्या पुढची पायरी म्हणून मुलीलाही दाखवा.

नुसत्या विज्ञानपटांत तुमच्या घराला चालतील असे: लहानांसाठीही आणि मोठ्यांसाठीही ‘द आयर्न जायंट’ (१९९९) आणि ‘वॉल-ई’ (२००८). दुसऱ्यात पहिला अर्धा तास संवाद जवळजवळ नाहीतच, त्यामुळे भाषेचा प्रश्न मिटतो. ‘गॅटाका’ (१९९७) जनुकं बघून माणसाची लायकी ठरवणाऱ्या समाजाबद्दल. प्रवेशपरीक्षांच्या तयारीतल्या मुलांना तो फार आत लागतो. ‘कॉन्टॅक्ट’ (१९९७) दीड नव्हे, अडीच तासांचा आहे, पण आजोबांशी देव आणि विज्ञान यावर बोलायचं असेल तर याच्याइतका चांगला धागा नाही. मराठीत सुजय डहाकेचा ‘फुंतरू’ (२०१६) हा धाडसी प्रयत्न. सगळं जमलेलं नाही, तरी आपल्या भाषेत हा प्रकार ऐकणं मुलांसाठी मोलाचं. आणि पडद्याबाहेर जयंत नारळीकरांच्या कथा आहेत. २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. चित्रपट नसलेल्या शनिवारी एखादी कथा मोठ्यानं वाचा, आईंसाठी तर हा उत्तम मार्ग.

‘२००१: अ स्पेस ओडिसी’ (१९६८) आताच लावू नका. तो थोर आहे यात शंका नाही, पण पहिली वीस-पंचवीस मिनिटं एकही संवाद नाही, आणि सुरुवातीला काही मिनिटं काळ्या पडद्यावर फक्त संगीत. लोक उठून टीव्हीची वायर तपासतात. वर्षभर अशा जोड्या बघितल्यावर लावा. ‘डार्क’ ही जर्मन मालिकाही तशीच. २६ भाग, एकाच माणसाचं वय वेगवेगळ्या काळांत, चार कुटुंबं. कागदावर वंशावळ काढत बघावी लागते, ती तुम्हा दोघांसाठी.

भाषेबद्दल माझा नियम: प्रश्न यंत्राचा, सुटकेचा, प्रवासाचा असेल तर हिंदी डबिंग खुशाल लावा. ‘मार्शियन’, ‘अपोलो’ यांत फारसं हरवत नाही आणि आईंची सोय होते. भाषा हाच विषय असेल तिथं डबिंग लावलं तर चित्रपटच मरतो. ‘अरायव्हल’ (२०१६) आणि ‘शोगन’ (२०२४) ही तुम्हा मोठ्यांसाठी मी लावलेली जोडी. एकात परग्रहवासीयांशी बोलणारी भाषातज्ज्ञ, दुसऱ्यात १६०० सालच्या जपानमधली दुभाषी मारिको. ‘शोगन’ला इंग्रजी डबिंग लावलं तर दुभाषी कशासाठी आहे तेच कळत नाही. मूळ जपानी आवाज आणि सबटायटल ठेवा. पहिल्याच भागात माणसाला उकळून मारण्याचा प्रसंग आहे, मुलगी झोपल्यावर बघा. ‘अरायव्हल’मध्ये मुलाच्या मृत्यूचा धागा आहे, हेही आधी माहीत असलेलं बरं.

आता टीव्हीकडे येऊ, कारण तुमच्याकडून लोक उठून जाण्याचं निम्मं कारण तिथं असणार. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. नवे टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवून घालतात आणि ‘संत तुकाराम’ही कालच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. सेटिंगमध्ये पिक्चर, मग मोशन असं जा. एलजीत त्याला ट्रूमोशन म्हणतात, सोनीत मोशनफ्लो, सॅमसंगमध्ये पिक्चर क्लॅरिटी. ते पूर्ण बंद करा. पिक्चर मोड ‘स्टँडर्ड’ किंवा ‘व्हिविड’ऐवजी ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’. पहिले दोन दिवस पडदा पिवळट वाटेल, मग डोळा सरावतो. रात्रीची दृश्यं काळीठिक्कर दिसत असतील तर वीजबचत आणि प्रकाशसंवेदक ही दोन्ही बटणं बंद करा, ब्राइटनेस वाढवायची घाई नको. समोरची ट्यूब विझवून टीव्हीच्या मागे एखादा मंद दिवा ठेवा.

जुन्या चित्रपटाच्या डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या येतात तो दोष नव्हे. ‘स्ट्रेच’ किंवा ‘झूम’ करून पडदा भरला की माणसं बुटकी होतात किंवा डोकी कापली जातात. आस्पेक्ट रेशो ‘ओरिजिनल’ ठेवा. बसायचं अंतर पडद्याच्या कर्णाच्या दीडपट ते पावणेदोनपट: ४३ इंचाला साडेपाच-सहा फूट, ५५ इंचाला सात-आठ. आपल्या हॉलमध्ये सोफा बहुतेकदा बारा फुटांवर भिंतीला टेकलेला असतो आणि आजोबांना सबटायटल वाचताच येत नाही. खुर्च्या पुढे ओढा, शिवाय ॲपमध्ये सबटायटलचा आकार मोठा करून त्यामागे काळी पट्टी लावता येते.

संवाद पुसट आणि स्फोट कानठळ्या बसवणारे, ही तक्रार घरोघरी आहे. कारण असं की आवाज ५.१ वाहिन्यांचा पाठवला जातो, त्यातली मधली वाहिनी संवादांची, आणि टीव्हीच्या दोन स्पीकरांत ती कोंबताना दबते. ऑडिओच्या यादीत तीच भाषा दोनदा दिसली आणि एकीपुढे ५.१ लिहिलेलं असेल, तर दुसरी निवडा. टीव्हीत ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा ‘नाइट मोड’ चालू करा. तेवढ्यावरही ‘इंटरस्टेलर’ किंवा ‘ओपेनहायमर’ ऐकू येणार नाहीत, त्यांत संगीत संवादांच्या वर ठेवलेलंच आहे. त्यांना सबटायटल लागतातच. आणि पंख्याचा वेग एकानं कमी करून बघा, मे महिन्यात जमेल तेवढाच.

इंटरनेटला एचडीसाठी ५ एमबीपीएस पुरतं, फोर-केला १५ तरी हवं. डेटा ताशी अंदाजे अनुक्रमे ३ आणि ७ जीबी जातो, मोबाइल हॉटस्पॉटवर बघणाऱ्यांनी हा हिशेब ठेवावा. फक्त मोबाइलसाठीची स्वस्त सदस्यता टीव्हीवर चालत नाही, घेण्याआधी बघा. पावसाळ्यात लाइट गेली की टीव्ही इन्व्हर्टरवर चालतो पण फायबरचा डबा बंद पडतो. त्याच्या ॲडॉप्टरवर व्होल्ट-ॲम्पियर लिहिलेले असतात, बहुधा १२ व्होल्ट. तेवढ्याच व्होल्टचा छोटा राउटर-यूपीएस मिळतो. डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही जोडा.

निवड मात्र गुरुवारीच करा. चित्रपट आज ज्या ॲपवर आहे तिथं पुढच्या महिन्यात असेलच असं नाही. त्या कंपनीनं स्वतः काढलेल्या मालिका सहसा राहतात, भाड्यानं घेतलेले चित्रपट येतात-जातात. गुरुवारी उघडून दोन मिनिटं चालवा: आवाजाची भाषा, सबटायटल, लांबी, वयाची पाटी (‘यू/ए १३+’, ‘१६+’, ‘ए’) आणि ती कशासाठी दिलीय ते. नाव घरात सांगून टाका, ट्रेलर दाखवू नका. ‘अपोलो’चा ट्रेलर बघितल्यावर उरतं काय?

गणपतीत सोसायटीच्या गच्चीवर प्रोजेक्टर लावून हेच दाखवायचं मनात आलं तर एक लक्षात असू द्या. ओटीटीची सदस्यता घरात बघण्यापुरती असते, जाहीर खेळाला हक्कधारकाची वेगळी परवानगी लागते. आपल्याकडे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो, म्हणून फाळक्यांचे मूकपट आणि ‘संत तुकाराम’ मोकळे आहेत. मात्र कोणी अलीकडे दुरुस्त करून नवं संगीत चढवलेली प्रत असेल, तर त्या संगीताचं त्यांना विचारून घ्या.